कापशी चप्पल, बारा जोड : कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२५

काम ठरलं. पुरुषांच्या कापशी घाटाच्या चपला, १२ जोड, युरोपीय माप ४० ते ४४. कच्च्या कातड्यापासून पेटीत भरेपर्यंत सगळं एकाच नोंदवहीत. महागड्या दुकानासाठीचा हा नमुना-लॉट आहे, त्यामुळे प्रत्येक टप्प्याची कारणं लिहून ठेवायची. (कापशी हे नाव कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून. मोठे कान, म्हणजे तळाच्या दोन्ही बाजूंना निघणारे चामड्याचे पाखे, आणि भरीव पट्टा ही तिची ओळख.)

आपण घातलेल्या अटी : खिळा नाही, धातूचा एकही भाग नाही, रबरी सोल्युशन नाही. तळ म्हशीचा, वेणी शेळीची, शिवण चामड्याच्या वादीची. थर जागेवर धरायला कणकेची खळ, तीत थोडी तुरटी.

ऑर्डरच्या कागदात ‘हस्तनिर्मित’ हा शब्द चार ठिकाणी आहे आणि त्याच कागदात प्रत्येक मापाला अधिक-उणे अर्धा मिलिमीटर एवढीच सूट आहे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदवायच्या, हाच या कामातला खरा प्रश्न. हातकामाच्या नावावर ओबडधोबड माल खपवायचा नाही, आणि यंत्राचा नियम जसाच्या तसा हाताला लावून कारागिराचा हात बांधायचाही नाही. कुठे काटेकोर राहायचं आणि कुठे हाताला मोकळीक द्यायची, ते टप्प्याटप्प्याने मोजून ठरवू.

मानांकनाची बाजू : कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. आपलं कमावण्यापासून शिवण्यापर्यंतचं सगळं काम कोल्हापूर जिल्ह्यातच होईल.

५ नोव्हेंबर

म्हशीची दोन कातडी आली, मीठ लावलेली. मीठ झटकून वजन २४ आणि २७ किलो.

२७ किलोच्या कातड्याच्या आतल्या, मांसाकडच्या बाजूने तळहात फिरवला तेव्हा पाठीवर, कण्यापासून वीतभर अंतरावर, ९ सेंटीमीटरचा सुरीचा काप बोटाला लागला. सोलताना सुरी जाडीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शापर्यंत गेली आहे. वरच्या बाजूने काहीच दिसत नाही. अशा जागेचा तळ पेटीत देखणा दिसतो आणि काही महिन्यांनी बरोबर पाऊल वाकतं त्या रेषेवर फुटतो. खडूची खूण चुन्याच्या हौदात टिकणार नाही, म्हणून त्या जागेच्या सरळ रेषेत काठाला दोन भोकं पाडून ठेवली.

वाटणी अशी : पाठीचा भाग खालच्या तळाला. खांद्या-मानेकडचा वरच्या तळाला आणि पट्ट्याला. पोटाकडचं चामडं पोकळ विणीचं असतं, ताणलं की परत येत नाही, ते या लॉटमध्ये चाचणीच्या तुकड्यांसाठीच. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला नाही. त्यामुळे पट्ट्यालाही म्हशीचंच, मानेकडचं, रापीने (चामडं कापायच्या-तासायच्या सुरीने) तासून पातळ केलेलं घ्यायचं. तासायला वेळ जातो. तो हिशेबात धरला आहे.

७ नोव्हेंबर

चोवीस तास साध्या पाण्यात भिजत, पाणी तीनदा बदललं. मीठ पुरतं निघालं नाही तर चुना नीट फुगवत नाही.

कातड्याच्या वजनाच्या दहा टक्के चुना, दोन्ही मिळून पाच किलोच्या आसपास. सल्फाइड अजिबात नाही. सल्फाइडने केस दिवसात निघतात हे खरं, पण त्या घाईत केस मुळापाशी न सुटता जळतो आणि मूळ आतच राहतं. शिवाय ते सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतो. सकाळ-संध्याकाळ कातडी वर काढून, दहा मिनिटं निथळून, पुन्हा उलट्या क्रमाने आत. न हलवता ठेवली की घडीच्या जागी चुना कमी पोचतो आणि तिथले केस शेवटपर्यंत हटत नाहीत.

१३ नोव्हेंबर

सहाव्या दिवशी केस अंगठ्याने सरकले. काढायचा दिवस हाच. आणखी दोन दिवस ठेवली असती तर विण सैल पडली असती. वरचा पापुद्रा आतल्या थरापासून सुटतो आणि पट्टा वाकवला की त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटतं.

केस आणि मांस ओंडक्यावर बाकदार सुरीने काढलं. मग पाच पाण्यांनी धुणं, शेवटी गव्हाच्या कोंड्याच्या आंबवलेल्या पाण्यात रात्रभर. सकाळी मानेजवळून पातळ काप घेऊन कापल्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकले. मधोमध गुलाबी रेघ उमटली, म्हणजे आत चुना शिल्लक आहे. पुन्हा कोंड्याचं पाणी, पुन्हा काप. दुसऱ्या वेळी रेघ नाही.

हे दोन थेंब कितीही गडबड असली तरी टाळायचे नाहीत. राहिलेला चुना बाभळीच्या अर्काशी मिळून चामडं काळपट आणि कडक करतो. नंतर कितीही तेल पाजलं तरी तो कडकपणा जात नाही, तळाला चिरा पडतात.

१५ नोव्हेंबर

बाभळीची साल ६० किलो, जाडसर कुटलेली. हिरडा १८ किलो, बी काढून ठेचलेला. दोन कातड्यांसाठी मिळून. बाभूळ लालसर तपकिरी रंग आणि भरीवपणा देते, हिरडा रंग थोडा पिवळ्याकडे नेतो आणि आंबून सौम्य आंबटपणा आणतो, त्याने अर्क आत शिरायला मदत होते.

सुरुवात मुद्दाम जुन्या, वापरलेल्या अर्काने. घनता १.०१०, म्हणजे बार्कोमीटरवर (अर्काचा दाटपणा मोजायच्या उपकरणावर) १० अंश. पहिल्याच दिवशी ताजा दाट अर्क दिला तर कातड्याची वरची पातळी लगेच कमावली जाते आणि दार बंद झाल्यासारखं होतं. आतला मधला थर कच्चाच राहतो. दर दोन दिवसांनी थोडा ताजा अर्क घालत १२ दिवसांत १.०२५ वर न्यायचं.

१९ नोव्हेंबर

डाग पडला. अर्क ओतायच्या बादलीची कडी गंजलेली होती. तिच्यावरून ओघळलेले थेंब २४ किलोच्या कातड्याच्या खांद्यावर पडले आणि दहा मिनिटांत तिथे शाईसारखे निळेकाळे ठिपके उठले, मोहरीएवढे सात, वाटाण्याएवढा एक. लोखंड आणि झाडाच्या सालीतलं टॅनिन मिळालं की शाईच तयार होते. पूर्वीची लिहायची काळी शाई हिरड्यातून आणि हिराकसातून अशीच केली जायची.

ऑक्झॅलिक अॅसिडच्या दोन टक्के पाण्याने पुसून मोहरीएवढे ठिपके गेले. वाटाण्याएवढा फिका झाला, गेला नाही. त्या जागेचा पट्टा निघणार नाही; वरच्या तळातही ती जागा टाचेच्या भरीखाली झाकली गेली तरच चालेल. लोखंडी बादल्या, लोखंडी हुक, टिनची मापं हौदाच्या आसपास यायलाच नकोत. आजपासून प्लास्टिक आणि लाकूड.

२८ नोव्हेंबर

पिशवी बांधली. कातड्याच्या कडा जुळवून जाड दोरीने शिवायच्या, मानेकडचं तोंड उघडं ठेवायचं, आत कुटलेली साल आणि हिरडा भरून ओंडक्याला टांगायची आणि वरून अर्क ओतायचा. अर्क कातड्याच्या आरपार झिरपून खालच्या पातेल्यात पडतो, तो पुन्हा वर. नुसत्या हौदात अर्क दोन्हीकडून हळूहळू शिरतो. पिशवीत पाण्याचं वजनच त्याला आरपार ढकलतं. जाड म्हशीच्या कातड्याला ही रीत त्यामुळेच लागू पडते.

आता घनता १.०३५. दिवसा दर दोन तासांनी ओतणं. पाच दिवसांनी पिशवी उलटी करायची, म्हणजे तळाशी दाब सोसणारा भाग वर येतो.

शिवणीच्या कडेची पाच सेंटीमीटर पट्टी वाया जाते. ती कापणीच्या नकाशात आधीच वगळली आहे.

८ डिसेंबर

पिशव्या उतरवल्या. पाठीचे काप एकसारखे तपकिरी. मानेजवळ, पिशवीला जिथे घडी पडली होती तिथे, कापल्या बाजूच्या मधोमध केसाएवढी फिकट रेघ आहे.

डोळ्यावर विसंबायचं नाही म्हणून पातळ काप ३० टक्के अॅसेटिक अॅसिडात ठेवला. दोन तासांत ती रेघ फुगून साबुदाण्यासारखी अर्धपारदर्शक झाली. कच्ची आहे. पुरतं कमावलेलं चामडं या अॅसिडात फुगत नाही.

घडीचा भाग, सुमारे दीड चौरस फूट, वेगळा काढून पुन्हा चार दिवस दाट अर्कात. बाकीचं धुऊन सावलीत. उन्हात वाळवलेल्या तळाला वरच्या बाजूला तडे जातात, कारण पाण्याबरोबर मोकळा अर्क पृष्ठभागावर येऊन तिथेच घट्ट बसतो आणि वरचा थर काचेसारखा होतो.

१२ डिसेंबर

शेंगदाण्याचं तेल, चामडं अजून दमट असताना. दमटपणा जाताना तेल त्याच वाटेने आत जातं. पूर्ण वाळल्यावर लावलं तर वर चिकटून राहतं आणि धूळ धरतं. एका पाठीला पावशेरापेक्षा थोडं कमी. जास्त झालं की चामडं काळवंडतं आणि पुढे खळ धरत नाही.

१६ डिसेंबर

तळाचं चामडं दमट करून दगडावर लाकडी मोगरीने ठोकलं. सुरुवातीला सरासरी जाडी ५.२ मिलिमीटर, ठोकून ४.५. हे काम घाईचं नाही. कण्याकडून कडेकडे, एकावर एक अर्धे पडणारे घाव. एकाच जागी जोर दिला की खळगा पडतो आणि तो पुढे चालताना पायाला टोचतो. ठोकलेलं चामडं नखाने दाबलं तर ठसा उठत नाही, हीच खूण.

गेल्या आठवड्यात प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचा लिडकॉम आणि लिडकर या महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. जूनमध्ये मिलानच्या कार्यक्रमात त्यांच्या पुरुषांच्या उन्हाळी २०२६ संग्रहात कोल्हापुरीसारख्या चपला आल्या होत्या. तेव्हा मूळ सांगितलं नव्हतं, टीका झाल्यावर ते मान्य केलं. आता २००० जोड महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांकडून, किंमत ८०० युरोच्या घरात, असं जाहीर झालं आहे. आपल्या कामाशी त्याचा संबंध एवढाच की त्या किमतीला घेणारा माणूस टाका मोजून बघणार. त्याने बघावंच. टाक्याला टाका का लागतो आणि कान तिरका का असतो, हे त्याला चपलेसोबत सांगता आलं पाहिजे. आणि ती तपासणी झेलणारं काम करणाऱ्याला त्या तपासणीचा मोबदला मिळाला पाहिजे. म्हणून उद्यापासून प्रत्येक टप्प्याचे तास वेगळे लिहायचे.

१८ डिसेंबर

कापणी. युरोपीय मापात एक अंक म्हणजे दोन तृतीयांश सेंटीमीटर. ४२ म्हणजे कळबुताची (जोडा ज्यावर चढवून घडवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याची) लांबी २८ सेंटीमीटर. आपल्याकडे कोल्हापुरी कळबुतावर चढवत नाहीत, फर्म्यावरून कापतात, म्हणून पायाच्या पुढे-मागे मिळून एक सेंटीमीटर सूट धरून फर्मे नव्याने काढले. जुने फर्मे डाव्या-उजव्यात फारसा फरक करत नव्हते. नव्यांत अंगठ्याकडची बाजू सरळ ठेवली आहे.

डावा आणि उजवा तळ कण्याच्या दोन्ही बाजूंना आरशासारख्या समोरासमोरच्या जागेतून. हा नियम सर्वांत महत्त्वाचा. एक तळ जनावराच्या पुठ्ठ्याकडून, म्हणजे मागच्या भागातून, आणि दुसरा खांद्याकडून घेतला तर पहिल्या दिवशी मापं जुळतात, दोन महिन्यांनी एक तळ दबलेला आणि एक पसरलेला असतो. यंत्रावर साच्याने छापून कापताना जागा वाचवायला तुकडे जवळजवळ बसवतात. तिथे जोडी बघितली जात नाही. हाताने कापण्याचं मोल इथे आहे. रापी किती सरळ चालते त्यापेक्षा कुठून कापायचं हे कोणाला कळतं, ते महत्त्वाचं.

५ नोव्हेंबरच्या खुणेने काम केलं. काप असलेली जागा चुकवली, दोन तळांची जागा गेली.

मोजमाप : कापलेल्या २४ तळांत फर्म्यापासून कमाल फरक १.३ मिलिमीटर. ऑर्डरच्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये हे बसत नाही. पण एकाच जोडीतल्या डाव्या-उजव्यातला कमाल फरक ०.७ आहे, कारण दोन्ही तळ एकावर एक ठेवून कडा शेवटी एकत्र तासल्या. गिऱ्हाइकाला दोन पाय आहेत. त्याच्या चपलेची तुलना दुसऱ्या पेटीतल्या चपलेशी होत नाही. ऑर्डरवाल्यांना आज लिहून कळवलं : लॉटसाठी अधिक-उणे दीड, जोडीसाठी एक मिलिमीटर. कारण आणि मोजमापाचा तक्ता सोबत.

वेळ : जोडीला १ तास १५ मिनिटं.

२० डिसेंबर

वेणीसाठी शेळीचं चामडं बाहेरून घेतलं, रंग गडद तपकिरी, ‘सालीचं’ म्हणून. पट्टी कापताच कापल्या बाजूला मधोमध निळसर झाक दिसली. संशय.

दोन चाचण्या. एक तुकडा उकळत्या पाण्यात दोन मिनिटं : सालीने कमावलेलं असतं तर आक्रसून गुंडाळलं गेलं असतं, हे तसंच राहिलं. दुसरा तुकडा जाळून बघितला : राख हिरवट. सालीऐवजी क्रोमने (क्रोमियमच्या क्षाराने) कमावलेलं आहे आणि वरून तपकिरी रंग दिला आहे. पूर्ण लॉट परत.

हे फक्त शुद्धतेचं वेड नाही. युरोपात पायाला लागणाऱ्या चामड्यात सहा-संयुजी क्रोमियमची मर्यादा किलोला ३ मिलिग्रॅम आहे, मे २०१५ पासून. क्रोमचं चामडं नीट केलेलं असेल तर ते मर्यादेत बसतं, पण उष्णतेने आणि जुनं होताना त्यात ते घातक रूप तयार होऊ शकतं. आपण मात्र सर्व चामडं सालीचं असं लिहून देणार आहोत. वेणीतली एक पट्टी खोटी निघाली तर पूर्ण जोड खोटी. यापुढे बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कातड्याच्या कोपऱ्याचा तुकडा आधी उकळायचा, मगच वजन करायचं.

२४ डिसेंबर

नवीन शेळीचं चामडं, उकळून तपासलेलं, जाडी ०.९ मिलिमीटर. वेणीच्या पट्ट्या अडीच मिलिमीटर रुंद.

वेणी वाकडी येते आहे. पाच पदरांची वेणी एकाच हाताने, एकाच ताणाने घातली तरी दर सात-आठ सेंटीमीटरवर ती डावीकडे झुकते. हात बदलून बघितला, तीच तऱ्हा. दोष हातात नाही, पट्टीत आहे.

पट्टी लांब मिळावी म्हणून ती गोल चकतीतून जिलबीसारखी गोल-गोल फिरत कापली होती. १२ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीतून साधारण साडेचार मीटर सलग पट्टी निघते, ते सोयीचं आहे. पण चामडं कण्याच्या दिशेने कमी ताणतं आणि आडवं जास्त. गोल कापलेली पट्टी प्रत्येक फेरीत दोनदा लांबीच्या दिशेतून आडव्या दिशेत जाते. म्हणजे एकाच पट्टीत काही सेंटीमीटर ताठ, काही सेंटीमीटर ढिली. वेणीत ढिला भाग आला की ती बाजू फुगते.

उपाय दोन. पहिला : सर्व पट्ट्या कण्याच्या दिशेने सरळ कापायच्या, लांबी ६० सेंटीमीटरपर्यंतच मिळते, पण पट्ट्याच्या वेणीला तेवढी पुरते. दुसरा, लांब वेणीसाठी : गोल कापलेली पट्टी ओली करून, एका टोकाला वजन बांधून रात्रभर टांगायची, म्हणजे जिथे ताणायची तिथे आधीच ताणून घेते. पण मग तिची रुंदी जागोजाग कमी-जास्त होते आणि तासून सारखी करावी लागते. आपण पहिला उपाय घेतला. चामडं जवळजवळ दीडपट लागलं. ठीक आहे.

वेणीकाम बहुतेक घरांत बायकाच करतात, आणि हिशेबात तेच सर्वांत कमी दराने लिहिलं जातं. या लॉटला तासाचा दर शिवणीइतकाच.

वेळ : जोडीला ४ तास २० मिनिटं. पूर्ण चपलेतला सर्वांत मोठा टप्पा.

२९ डिसेंबर

पट्टा तासून २ मिलिमीटर, कडांना १.२. कान वरच्या आणि खालच्या तळामध्ये सरकवून धरले, खळ लावून दगडाखाली चार तास.

कानाचा कोन फर्म्यावर लिहून ठेवता येत नाही असं कारागिरांचं म्हणणं आहे आणि ते बरोबर वाटतं. कान दोन मिलिमीटर पुढे गेला तर पट्टा बोटांच्या सांध्यावर येतो, मागे गेला तर पाऊल पुढे घसरतं. प्रत्येक पट्टा थोडा वेगळ्या ताणाचा, म्हणून कारागीर पट्टा हाताने दाबून बघतो आणि कान त्याप्रमाणे बसवतो. इथे माप ठरवलं नाही. फक्त डावा-उजवा जुळला पाहिजे एवढंच.

५ जानेवारी २०२६

वादीची शिवण. वादी म्हशीच्याच चामड्याची, ३ मिलिमीटर रुंद, टोक तिरकं तासून, मेण आणि तेलातून ओढलेली. टाक्यांमधलं अंतर ७ मिलिमीटर. ४२ मापाच्या तळाला ९२ ते ९६ टाके.

भोक आरीने, कडेपासून ६ मिलिमीटर आत, किंचित तिरकं. सरळ एका रेषेत, कडेला समांतर चिरा पाडल्या तर त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि टपाल तिकीट फाटावं तसा तळ त्या रेषेवर फाटतो. तिरक्या चिरांमध्ये चामड्याचं अंतर जास्त राहतं. वादी भिजली की फुगते आणि भोक घट्ट धरते. सुती दोरा भिजून कुजतो. वादीचा टाका तुटला तरी शेजारचे टाके उसवत जात नाहीत, ते या फुगण्यामुळेच.

ऑर्डरवाल्यांनी विचारलं होतं की खोगिराची दोन सुयांची शिवण, पॅरिसच्या हर्मेसच्या पिशव्यांवर असते ती, इथे का नाही. १८३७ साली घोड्याचं साज करणाऱ्या कारखान्यातून ते घराणं सुरू झालं आणि मेण लावलेल्या लिननच्या दोऱ्याची ती शिवण अजून हातानेच होते. एका दोऱ्याचा टाका तुटला तरी दुसरा धरतो, रीत पक्की आहे. एका चाचणी तळावर करून बघितली. दोन वाद्या एकाच भोकातून गेल्या की भोक मोठं लागतं आणि तळाखाली दुहेरी उंचवटा येतो. फरशीवर शंभर वेळा घासून पाहिलं, उंचवटा आधी झिजला. पिशवीची शिवण जमिनीला लागत नाही, चपलेची लागते. आपली एकेरी वादी राहू दे.

उलट एक सुधारणा केली : खालच्या तळाला शिवणीच्या रेषेवर दीड मिलिमीटर खोल खाच रापीने पाडली, टाका त्या खाचेत बसतो आणि लगेच घासला जात नाही.

वेळ : जोडीला ३ तास ४० मिनिटं.

१० जानेवारी

टाचेची भर, कडा तासणं, हाडाच्या पट्टीने घासून चकाकी, शेवटी मेण. गोंडा आधी लाल रेशमाचा होता. ओल्या पांढऱ्या फडक्यावर वीस वेळा घासताच गुलाबी झाला. काढून टाकला, चामड्याच्याच बारीक पट्ट्यांचा बिनरंगी गोंडा लावला.

१४ जानेवारी

एका जोडीचे तास (तास.मिनिटं) : कापणी १.१५, तासणं १.३०, वेणी ४.२०, जुळवणी १.१०, शिवण ३.४०, टाच व कडा १.३५, तपासणी ०.३०. एकूण १४ तास. कमावणीचे दिवस यात नाहीत. ते लॉटवर वेगळे लिहिले आहेत.

मजुरी तासावर दिली, नगावर नाही. नगावर दिली की घाई कुठे होते ते ठाऊक आहे : टाका ७ चा ९ होतो, कडेची तिरकी चीर सरळ होते, वेणीच्या पट्ट्या गोल कापल्या जातात. तिन्ही गोष्टी दुकानात दिसत नाहीत आणि तिन्ही पहिल्या पावसाळ्यात बाहेर येतात. ऑर्डरवाल्यांना पाठवायच्या दरपत्रकात हे १४ तास टप्प्यानुसार छापले आहेत. घासाघीस करायची तर ती कोणत्या तासातून कापायची ते त्यांनी सांगावं.

२० जानेवारी

तपासणी. १२ जोडांपैकी ९ पहिल्या प्रतीचे. दोन दुसऱ्या प्रतीचे : एकाच्या पट्ट्यावर माशीच्या चाव्याची खूण, दुसऱ्यात दोन टाके ९ मिलिमीटरचे. एक जोड बाद, वरच्या तळात ८ डिसेंबरच्या घडीचा तुकडा गेला होता. पुन्हा कमावूनही मध्ये रेघ राहिली आणि वाकवताना तिथे थर सुटला. तो तुकडा वरच्या तळाला वापरायलाच नको होता. कापणीच्या फळीवर त्याला वेगळी खूण नव्हती, ही चूक आपली.

माशीच्या चाव्याची खूण दोष धरायची की नाही यावर वाद झाला. ती जनावराच्या अंगाची खूण आहे, ताकद कमी करत नाही. या लॉटला दुसऱ्या प्रतीत ठेवली, पण पुढच्या ऑर्डरच्या कागदात ‘नैसर्गिक खूण, तळहाताच्या आकारात एकापर्यंत, स्वीकार्य’ अशी ओळ मागून घ्यायची.

अर्ध्या मिलिमीटरच्या अटीवर उत्तर आलं : जोडीसाठी एक, लॉटसाठी दीड मान्य.

३ फेब्रुवारी

वापराची चाचणी, दोन जोड, दहा दिवस रोज सहा तास. पहिले तीन दिवस करकर मोठी. वरचा आणि खालचा तळ एकमेकांवर घासतो तिचा आवाज. सातव्या दिवशी अर्धी. अंगठ्याची चामड्याची कडी चौथ्या दिवशी सैल झाली आणि पायाला बसली, तसंच अपेक्षित आहे. एका जोडीत डाव्या कानाजवळची वादी तीन टाक्यांपर्यंत ढिली पडली. कानाजवळ तीन थर एकत्र येतात, तिथे आरी पुरती आरपार गेली नव्हती आणि वादी भोकात मुरडली होती. पुढच्या लॉटला कानाच्या जागी आधी जाड आरीने वाट, मग बारीक आरी.

एक जोड बादलीत दोन मिनिटं बुडवून सावलीत दोन दिवस वाळवला. रंग गडद झाला, आकार राहिला, टाके घट्ट. काळजीच्या चिठ्ठीत लिहायचं : भिजली तर उन्हात नको, शेगडीजवळ नको, कागद भरून सावलीत, दमट असतानाच बोटभर तेल.

पुढच्या लॉटची २४ कातडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हौदात जातील. उन्हाळ्यात चुना लवकर लागतो, तेव्हा केस पाचव्या दिवसापासून रोज तपासायचे. फिनॉल्फ्थॅलीनची नवी बाटली आणि लाकडी कड्यांच्या सहा बादल्या सांगितल्या आहेत.